ताटातला भंडारा

काल प्रचाराची माणसं दारात आली. हातातल्या ताटात बेल आणि भंडारा. म्हणाली, “बाबा, भंडारा उचला आणि मत आम्हालाच देणार म्हणून खंडोबाची शपथ घ्या. धर्माचं काम आहे.”

मी त्या भंडाऱ्याकडं बघत राहिलो. माझ्या बायकोच्या हातून चिमूटभर सांडला, तरी ती पदरानं टिपून घ्यायची. तिनं खंडोबाकडं लेकराबाळांचं सुख मागितलं. अमक्याला निवडून आण, तमक्याला पाड, असं कधी सांगितलं नाही. ह्यांनी मात्र देवालाच दारोदार मतं मागायला लावलंय.

भंडारा मी कपाळाला लावला. शपथ घेतली नाही.

“देव कोपंल, बाबा!”

“कोपू दे. ही गेली तेव्हापासून त्याचं-माझं भांडण चालूच आहे. त्यात तुम्ही पडू नका.”