सोसायटीच्या खोलीतलं वाचनालय

आमच्या गावात मला पुस्तकवाली म्हणतात आणि मी ओ देते. ग्रंथपाल हा शब्द फक्त तपासणीचे साहेब आले की लागतो, एरवी त्याला कुणी विचारत नाही. नाव जाईबाई. माहेर अंबाजोगाईचं, सासर आष्टी तालुक्यातलं. वडील अंबाजोगाईला एका कॉलेजच्या ग्रंथालयात शिपाई होते. फाटकी पुस्तकं बांधायला घरी आणायचे. आम्ही बहिणी खळ शिजवायचो आणि ती गार होईपर्यंत जे पुस्तक हाताला लागेल ते वाचायचो. कित्येक गोष्टींची सुरुवात मला ठाऊक आहे आणि शेवट नाही, कारण तोवर खळ गार व्हायची.

माझ्या सवयी आधीच सांगून टाकते. थुंकी लावून पान उलटलेलं मला खपत नाही, सरपंच असला तरी पुस्तक हातातून काढून घेते. पानाचा कोपरा दुमडून आणला तर घरी जाऊन भांडते. किराण्याचा पुडा सोडला की आधी कागद वाचायचा, मग साखर डब्यात. आमचे हे, म्हणजे जालिंदर, पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर आहेत. ते म्हणतात, "पुडीवरचं वाचायच्या नादात एक दिवस भाजीत मीठ टाकायचं राहील तुझं." राहिलंय एकदोनदा. खाल्ली मुकाट्यानं. आणि कुणी विचारलं, की वाचून मिळतं काय, तर मी विचारते, चहा पिऊन काय मिळतं हो?

वाचनालय गावच्या सोसायटीच्या इमारतीत, पाठीमागच्या खोलीत. सोसायटी म्हणजे शेतकऱ्यांना खत, बियाणं, पीककर्ज देणारी आमची सहकारी संस्था. पुढच्या खोलीत युरियाच्या गोण्या, मागच्या खोलीत मी. एक खिडकी, पत्र्याची कपाटं, एक लांब बाकडं. सकाळी झाडून, खिडकी उघडून, पेपर बाकड्यावर पसरला की मला वाटतं, आता गाव सुरू झालं. कुणाला हसू येत असेल तर येऊ दे.

आता आबांचं सांगते. आश्रुबा, माझे सासरे. आमच्याकडं सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. सासूबाई होत्या तोवर निरोप त्या न्यायच्या-आणायच्या. त्या गेल्यावर ते काम माझ्या लेकीकडं आलं. लेक नांदायला गेली आणि आबांनी सर्ज्याला धरलं. सर्ज्या म्हणजे आमचा बैल.

"सर्ज्या, भाकरी झाली का न्हाई रे?" आबा दावणीशी उभं राहून विचारायचे.

"सर्ज्या, हातपाय धुवा म्हणावं, वाढते," मी चुलीपुढून सांगायची.

माझ्या वाचण्याबद्दलचं मतही सर्ज्यालाच ऐकावं लागायचं. "सर्ज्या, लई रिकामा उद्योग हाय बघ ह्यो." मी काय ऐकून घेते होय? "सर्ज्या, चिलीम ओढणं कोणता भरलेला उद्योग हाय, इचार जरा." बैल बिचारा दोन्हीकडं कान हलवायचा. माणूस वाईट नव्हता हो. पण त्या खोलीचा उंबरा आबांनी कधी ओलांडला नाही, आणि ते मला लागायचं. अगदी मनापासून लागायचं.

दोन हजार तेराचा उन्हाळा. विहिरी तळाला गेल्या, चारा संपला, आणि सोसायटीनं गावाबाहेरच्या माळावर जनावरांची छावणी उभी केली. जनावरं तिकडं गेली म्हटल्यावर माणसंही गेली. जनावर सोडून घरी कोण झोपतो? आबा सर्ज्याला घेऊन गेले, मी भाकरी घेऊन त्यांच्या मागं. वाचनालयात चिटपाखरू फिरकेना. मी रोज खिडकी उघडायची, पेपर पसरायची, आणि एकटीच वाचून घडी घालायची. शेवटी वैतागले. पुस्तकं पोत्यात भरली, पोतं जालिंदरच्या टँकरच्या केबिनमध्ये टाकलं आणि छावणीवर जाऊन उतरले.

छावणीतली दुपार म्हणजे काय विचारू नका. चारा टाकून झालेला, पाणी पाजून झालेलं, ऊन उतरत नाही, आणि माणसाला करायला काही नाही. हिरव्या जाळीच्या सावलीत मी पोतं सोडलं. आमच्या शेजारच्या दावणीला ताराबाईची म्हैस होती. ताराबाई म्हणाली, "जाई, मला कुठं वाचता येतंय? तूच वाच की मोठ्यानं." मग एक जाडजूड कादंबरी घेतली. कोकणातल्या नदीवर तरी, म्हणजे माणसं पलीकडं नेणारी होडी, चालवणाऱ्या बाईची गोष्ट. नवरा बुडून मेलेला, दीर होडी विकायला निघालेला, आणि पाऊस थांबत नाही, थांबतच नाही.

"एवढं पाणी कुठं असतंय व्हय गं?" ताराबाई म्हणाली. "लिवणाऱ्यानं फेकलीय." पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी तीच येऊन बसली. हळूहळू बाया जमल्या, मग गडीमाणसं जरा लांब, पाठ करून, ऐकत नसल्यासारखी. आबाही त्यातलेच. सर्ज्याच्या अंगावरच्या गोचिड्या काढत बसायचे. संध्याकाळी भाकरी वाढताना मात्र हळूच यायचं, "सर्ज्या, त्या तरीवालीनं होडी इकली का रे?"

"सर्ज्या, उद्या कळंल म्हणावं."

"सर्ज्या, आजच सांग म्हणावं. बैलाला झोप लागत न्हाई."

मी हसू पदरात दाबलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

आणि नेमकं तेव्हाच सुग्रीव आला. सुग्रीव म्हणजे सोसायटीचा चेअरमन आणि आबांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. वाईट माणूस नाही. छावणी उभी राहिली ती त्याच्याच धावपळीनं. पण जनावरांच्या पेंडीची पोती उघड्यावर पडली होती, कुत्री फाडत होती, आणि त्याला जागा हवी होती.

"वहिनी, वाचनालयाची खोली रिकामी करून द्या," तो म्हणाला. "तसंही तिथं कोण येतंय आता? पुस्तकं ठेवा कुठंतरी बांधून. पाऊसपाणी झाल्यावर बघू."

हे ‘बघू’ मला चांगलं माहीत आहे. खोली गेली की सरकारी मान्यता जाते, मान्यता गेली की पेपर बंद, पुस्तकं बंद, आणि एकदा बंद पडलेलं वाचनालय आमच्या भागात कुणी पुन्हा उघडलेलं मी पाहिलेलं नाही. मी तसं म्हटलं. तो म्हणाला, उद्या छावणीतच सभासदांची सभा आहे, तिथं ठरू दे.

आता सभासद कोण? ज्याच्या नावावर सोसायटीचा शेअर आहे तो. आमचा शेअर आबांच्या नावावर. मला ना मत, ना तोंड. जालिंदरला सांगितलं तर ते म्हणाले, "आबांना सांग की."

"कसं सांगू? बैलाला?"

"मग बैलाला सांग."

सांगितलं. भाकरीची पाटी ठेवता ठेवता म्हटलं, "सर्ज्या, उद्या माझी खोली जाती. भाचा तुमचा हाय, तुम्ही बोललात तर ऐकल, असं म्हणावं."

आबांनी सर्ज्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "सर्ज्या, आपल्याला सावलीची जागा सुग्रीवनं दिली. त्याच्या म्होरं तोंड कसं उघडू?"

मला असा राग आला! त्या दिवशी मी भाकरी ठेवली आणि तशीच निघून आले. तरीवालीचं पुढं काय झालं, तेही सांगितलं नाही. बसू दे म्हटलं झुरत.

सभा जाळीखालीच भरली. पुढं सभासद, सगळी गडीमाणसं. कडेला आम्ही बाया. सेक्रेटरीनं ठराव वाचला, की मागची खोली पशुखाद्यासाठी घ्यावी. मी उभी राहिले.

"मला बोलायचंय."

"वहिनी, ही सभासदांची सभा हाय," सुग्रीव म्हणाला. "भाईरच्यांना बोलता येत न्हाई."

"लेकीचं लग्न झालं माझ्या, आन मी अजून भाईरची?"

बाया हसल्या. सेक्रेटरी म्हणाला नियम म्हणजे नियम. मी उभीच राहिले. बसायचं नाही एवढंच डोक्यात होतं, पुढं काय करायचं ते काही सुचत नव्हतं. आणि पुढच्या रांगेत आबा उठले.

"मी सभासद हाय," ते म्हणाले. "मी बोलतो."

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. आबा उभ्या जन्मात कुठल्या सभेत बोललेले नाहीत. तोंड उघडलं, मिटलं. खांद्यावरचा टॉवेल काढला, परत टाकला. सवयीनं मान दावणीकडं वळली, पण सर्ज्या पार तिकडच्या टोकाला. मग ते वळले आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "काय बोलू?"

अगं बाई! आबा सरळ माझ्याशी बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पण वेळ रडायची नव्हती.

"म्हणा," मी म्हटलं, "खोली गेली तर वाचनालयाची मान्यता जाईल."

"खोली गेली तर वाचनालयाची मान्यता जाईल!" आबा ओरडले. शेतात हाक मारतात तसे.

"पेंड उघड्यावर नासतीय, हेही खरं हाय."

आबा थबकले. "आपण कुणाकडून हाओत?"

सगळी सभा हसली. "कावून हसता?" आबा डाफरले. मी म्हटलं, "म्हणा हो, पुढं सांगते." त्यांनी म्हटलं.

"दूध डेअरीची खोली हाय. दुष्काळात दूधच न्हाई, ती बंद पडलीय. पेंड तिथं ठेवा."

"डेअरीच्या खोलीत पेंड ठेवा!"

"ती रिकामी कुठं हाय?" सुग्रीव पटकन म्हणाला.

"रिकामी न्हाई," मी आबांना म्हटलं. "तिच्यात चेअरमनचे स्वतःचे ठिबकचे पाइप हायत. ते काढायला सांगा."

इथं आबांनी सुग्रीवकडं पाहिलं. सुग्रीव त्यांच्याकडं बघत होता. भाचा, चेअरमन, सावलीची जागा देणारा. टॉवेलनं त्यांनी तोंड पुसलं. मला वाटलं, संपलं, आता बसणार. मी मनात म्हटलंसुद्धा, बसा आबा, माझी काही तक्रार नाही.

"सुग्रीव," आबा म्हणाले, "तिच्यात तुझे पाइप हायत. काढ ते."

हशा असा उठला की जनावरं बिचकली. सुग्रीव लाल झाला. "मामा, हे म्हणणं तुमचं का वहिनीचं?"

"तोंड माझं, म्हणणं दोघांचं. आन त्या तरीवालीचं पुढं काय झालं ते तुला न्हाई ऐकायचं? तू बी तिकडं पाठ करून बसतोस, मी बघितलंय."

ह्यावर सुग्रीवलाही हसू आवरेना. तो म्हणाला, ठीक हाय, मतदानच घेऊ. खोली वाचनालयाकडं राहावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.

एक, दुसरा, मग भराभर हात वर गेले. ताराबाईच्या मालकानं तर दोन्ही केले, त्याला शेजाऱ्यानं एक खाली घ्यायला लावला. आबांचा हात वर होता, ताठ. सेक्रेटरी मोजायला पुढं आला आणि सुग्रीव मला म्हणाला, "वहिनी, तुमचा खाली घ्या. तुम्ही सभासद न्हाईत."

तेव्हा मला कळलं, की माझाही हात वर गेलाय. कधी गेला देव जाणे. मी ओशाळले आणि खाली घ्यायला लागले.

"थांब," आबा मला म्हणाले. मग सुग्रीवला विचारलं, "आमच्या घरचा शेअर एक, म्हंजी हात बी एकच मोजणार ना?"

"हो मामा. एकच."

"मग तिचा मोज."

आणि आबांनी आपला हात खाली घेतला, मांडीवर ठेवला आणि बसले. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, समोरचं काही दिसेना, पण हात मी खाली घेतला नाही. सेक्रेटरी सुग्रीवकडं बघायला लागला. सुग्रीवनं मामाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि मोजायला माझ्यापासून सुरुवात केली.