कडब्याखालची वाळू

तेव्हा मी नुकतीच साठीची झाले होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. म्हसवडच्या अलीकडे माळावर आमचं घरकुल चाललं होतं. लेक फौजेतून सुट्टीवर आलेला. सुट्टी संपायच्या आत स्लॅब पडला तर ठीक, नाहीतर काम त्याच्या पुढच्या सुट्टीपर्यंत लटकणार.

लेक सेंट्रिंगच्या प्लेटा बघायला फलटणला गेला आणि इकडे वाळूचा ट्रॅक्टर दारात. भर दुपारी, गाणी लावून! आमच्याकडे माणगंगेची वाळू यायची ती रात्री, चोरून, दिवे विझवून. “आत्या, घरकुलाला तहसीलातनं परवान्याची वाळू मिळती, फुकट,” असं सून आठवडाभर सांगत होती. पण सरकार आणि वाळू देतंय? मी कानच दिला नव्हता. ही वाळूही चोरीचीच असणार म्हणून, सून टँकरवर पाण्याला गेली तशी मी अख्खा ढीग कडब्याच्या पेंढ्यांनी झाकला, भोवती मेंढरं बांधली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन चहा टाकला.

चहा उकळायच्या आत तलाठी हजर.

“मावशी, वाळू पोचली न्हवं?”

“कसली वाळू, भाऊसाहेब? आमच्यात वाळूचा खडासुदिक न्हाई.”

“आवं, सकाळी तुमच्याच नावावर गाडी सोडलीया.”

“मंग चुकून दुसऱ्याच्या दारात गेली आसंल.”

तो गंभीर झाला. “घरकुलाची वाळू परस्पर इकली तर गुन्हा हुतोय, मावशी. चौकशी हुईस्तवर तुमचं काम बंद ठेवावं लागंल.”

काम बंद! धावत जाऊन मी दोन पेंढ्या ओढून बाजूला फेकल्या. “ही बघा! आमी कशाला इकतोय?”

तो ढिगाकडं बघत राहिला. “मग झाकली कशापायी?”

“कुणी बघंल म्हणून.”

“कोण बघंल?”

“तुमीच की!”

गडी हसून हसून खांबाला टेकला. मग मोबाइल काढून म्हणाला, “उभ्या ऱ्हावा ढिगाजवळ, फोटो पाठवायचा हाय.” त्या फोटोत माझ्या पदराला चिपाडं चिकटलीत आणि एक मेंढरू कॅमेऱ्याकडं पाठ करून उभं आहे.

सून आली, ढीग बघितला, माझ्याकडं बघितलं. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी त्या वाळूतली चिपाडं आणि लेंड्या चाळत बसलो. “सांगितलं तवा ऐकायचं व्हतं, आत्या,” एवढंच ती म्हणाली, पण दर चाळणीला म्हणाली.

ठरल्या दिवशी स्लॅब पडला. मिक्सरची घरघर पार वेशीपर्यंत ऐकू जात होती. जाऊ दे म्हटलं, ऐकू दे साऱ्या गावाला.