शीलाच्या शेजारची जागा

सुलूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात शाळेचा डबा भरत होते. फोनवर तिचे यजमान होते, आमचे काका, त्यांच्या खेड्यावरून. "सुलू गेली, बाई," एवढंच म्हणाले. आणि मग, "तिथं जागेचं विचारतं काय? शीलाजवळ." मला रडायलाही सवड मिळाली नाही. शीला म्हणजे त्यांची एकुलती लेक. तीन वर्षांची असताना तापात गेली. अकोल्याच्या आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कब्रस्तानात भिंतीलगत तिची कबर आहे आणि तिच्या शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा काकांनी तेव्हाच्या पाळकसाहेबांना सांगून ठेवली होती. सांगून, लिहून नाही. भोळी माणसं! मावशी दरवेळी म्हणायची, "मले माह्या पोरीपाशी टाका, बस. दुसरं काई मागणं नाई माहं." जन्मभर दुसऱ्यांसाठी मागणं मागणाऱ्या बाईचं स्वतःसाठी एवढंच होतं.

लग्न झाल्या वर्षापासून या दोघांनी बाळापूरच्या पलीकडची खेडी धरली होती. एसटी जिथं संपते तिथून पुढची. कुठं चार घरांची मंडळी, कुठं नऊ. काका उपदेश करायचे, पण खरी शाळा मावशीची. बायकांना वाचता येत नव्हतं, म्हणून ती आठवड्याला शास्त्रातलं एकच वचन पाठ करून घ्यायची. कापूस वेचता वेचता बाया ते घोकायच्या, आणि पुढच्या रविवारी वचन तर म्हणून दाखवावं लागेच, वर ते आठवडाभरात कुठं कामी आलं तेही सांगावं लागे. प्रार्थनेचाही तिचा एक कायदा होता. ज्याच्यावर राग आहे त्याच्यासाठी नाव घेऊन, काय घडलं ते सांगून प्रार्थना करायची. "देवाले ठाऊक नाई का?" त्या बायांतल्या कमलाबाईनं एकदा विचारलं होतं. "देवाले ठाऊक हाये," मावशी म्हणाली, "तुले ठाऊक हाये का तू कोणावर जळून राहिली ते?" त्यावर कमलाबाईनं जावेनं चोरलेल्या कोंबडीपासून सुरुवात केली, आणि जाऊ शेजारीच बसलेली! मी लहान होते, तोंडात ओढणी कोंबून हसले होते. पण त्या दोघी जावा पुढं एका चुलीवर आल्या, हेही खरं.

तर त्या दिवशी मी डबा तसाच टाकून मंडळीच्या ऑफिसात गेले. सेक्रेटरी साहेबांनी आधी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, हळहळले. मग रजिस्टर काढलं. "यांचं नाव सभासद यादीत नाही. सलग तीन वर्षं इथल्या उपासनेला हजर नाहीत, प्रभुभोजनही इथं घेतलेलं नाही, त्यामुळे नियमानं कमी झालं." मी म्हटलं, "अहो, दर रविवारी ती माणसं खेड्यावर असायची! तुमच्याच मंडळीनं धाडलेली!" ते म्हणाले, "बरोबर आहे, पण रजिस्टरमध्ये तसं येत नाही ना." खेड्यांवर प्रभूचं काम केलं म्हणून प्रभूच्या घरातून नाव कटलं. मी हात जोडले. होय, त्या माणसापुढं मी हात जोडले, ते मला अजून डाचतं. तो म्हणाला, "एकाला दिली की रांग लागेल."

काका म्हणाले, "भांडू नको बाई, सुलू ताटकळून राहिली." तेवढ्यात कमलाबाईचा निरोप आला, "माह्या वावरात धुऱ्यावर निंबाखाली आणा बाईले." तिथं, शेताच्या बांधावर ठेवलं तिला. सगळ्या गावांतल्या बाया आल्या होत्या. माती चांगली आहे, सावली आहे, सगळं आहे. लेक मात्र अकोल्यात.

आणि आठव्या दिवशी त्याच मंडळीनं हॉलमध्ये स्मरणसभा ठेवली! फोटोला हार, समोर माइक. सेक्रेटरी साहेब "आपल्या मंडळीची आदर्श सेविका" म्हणाले आणि रुमालानं डोळे टिपले. लोक म्हणतील स्मृतिलेखात असं लिहू नये. लिहीन. मी स्वतः टेम्पो करून खेड्यावरच्या बाया आणल्या होत्या आणि येताना वाटेत कमलाबाईला सगळं सांगितलं होतं. रजिस्टर, नियम, रांग, साहेबांचं नावसुद्धा. सहज नाही, मुद्दाम. शेवटी पाळक म्हणाले, कोणी प्रार्थना करील का, तशी कमलाबाई उठली. साहेबांचं नाव घेतलं आणि म्हणाली, "बापा, हे सायेब आमच्या बाईले मानून राहिले, तू पायतच हाये. पण यायनं बाईले तिच्या लेकीपाशी जागा नाई देल्ली. कावून नाई देल्ली, यायलेच ठाऊक. यायचं मन मऊ कर. अन् यायले झोप येऊ दे रे बापा, असं करून मानसाले झोप कशी येत असन..." साहेबांचे कान लाल झाले. कमलाबाईच्या मनात काडीचं विष नव्हतं, ती खरंच त्याच्या झोपेची काळजी करत होती. विष माझं होतं. आणि मला इतकं बरं वाटलं की मावशी गेल्यापासून पहिल्यांदा त्या दिवशी मी पोटभर जेवले.

बाहेर काकांनी मला बाजूला घेतलं. "तू सांगतलं न तिले?"

"हो."

"सुलूनं प्रार्थना शिकवली होती, बाई. गोटे मारणं नाई."

"पण लागला ना, काका?"

ते चपला शोधत राहिले. पायापाशीच होत्या.

जागा अजून मिळालेली नाही. मावशीला आता कोणी हलवणार नाही, पण काका आहेत, आणि त्यांना तरी पोरीपाशी जायचं आहे. कमिटी "विचार करते आहे". मीही विचार केला. कित्येक वर्षं मी नाताळ सोडून उपासनेला जात नसे, आता एक रविवार चुकवत नाही. रजिस्टरमध्ये माझी हजेरी ठळक लागते. पहिल्या बाकावर बसते, साहेबांच्या अगदी समोर. कोणाची प्रार्थनाविनंती, असं विचारलं की मावशीसारखाच डोक्यावर पदर घेते, तिच्यासारखेच हात पोटाशी धरते आणि उभी राहते. साहेबांचं नाव घेते. काय घडलं ते सांगते. शीलाच्या शेजारची जागा मोकळी आहे, हेही सांगते. शब्द सगळे मावशीचेच.

फक्त ती डोळे मिटायची. मी उघडे ठेवते.