अबोलीचा वास

ताप उतरला आणि माझं नाक गेलं. आमटी करपली तरी पत्ता नाही. दुसरीचं एकवेळ निभावलं असतं, माझं तर पोटच नाकावर. डिचोलीच्या एका क्रीम-पावडरीच्या कारखान्यात आम्ही पाचजणी वास तपासायला होतो. नाक नाही तर नोकरी नाही.

मी कुणाला बोलले नाही. रंग बघून वास सांगायची. गुलाबी म्हणजे गुलाब, पिवळं म्हणजे लिंबू. आणि गंमत बघा, धडधाकट नाकवाल्यांचंही बहुतेक वेळा तेच यायचं! अडलंच तर बाजूला बसणारी केरी गावची मैत्रीण टेबलाखालून माझा पाय दाबायची. एकदा दाबला तर गुलाब, दोनदा तर मोगरा. माझं गुपित तिला एकटीलाच ठाऊक. दोन महिने तिने मला असं सांभाळून नेलं.

एका सकाळी साहेब तणतणतच आले. "क्रीम तेच, वास तोच. नुसता रंग बदलला की तुम्ही वास वेगळा सांगता! आज कुणाचं नाक खरं ते बघतोच. चुकेल तिने उद्यापासून येऊ नये."

एकच डबी फिरली. आत अबोलीच्या रंगाचं क्रीम. पहिली म्हणाली, "अबोली." दुसरी आणि तिसरीही तेच. मैत्रिणीने डोळे मिटून हुंगलं. "जत्रेत केसांत फाती माळतो ना सर, अगदी तो वास. अबोलीच." टेबलाखाली तिचा पाय हलला नाही. अबोलीची खूण आम्ही कधी ठरवलीच नव्हती.

डबी माझ्यापुढे आली. चौघींच्या मागून अबोली म्हणायला माझं काय जात होतं? पण अबोली माझ्या दारातच आहे हो, तिला कुठला आलाय वास! वास येतो तो फातीच्या गजऱ्यात गुंफलेल्या जाईचा. मग डबीत जाई आहे, की काहीच नाही? पुन्हा हुंगलं. काही नाही.

"लवकर, बाई."

तोंडातून खरं तेच निसटलं. "मला कसलाच वास येत नाही, सर."

झालं, संपलं म्हटलं.

साहेबांनी टेबलावर थाप मारली. "बरोबर! यात वास घातलेलाच नाही, मी नुसता रंग टाकलाय. नाक असावं तर असं!"

मैत्रीण माझ्याकडे बघत राहिली. माझं नाक मेलंय, एवढंच मी सांगायचं होतं. त्याने तिची नोकरी वाचली असती की नाही, देव जाणे. पण सांगायला हवं होतं. मी एप्रनची गाठ चाचपत बसले. भित्री मेली!

मी अजून तिथेच आहे. ती डिचोलीच्या बाजारात फुलं विकते. परवा समोरासमोर आलो. टोपलीत जाई होती, मोगरा होता. तिने ते बाजूला सारलं आणि नुसत्या अबोलीची एक फाती माझ्या हातावर ठेवली.

"घे गो," म्हणाली. "हिका वास नसता. तुका चलता."