दादाच्या भिंतीला पहिला हात

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी सातच्या एसटीने नागपूरहून निघाले, साडेअकराला यवतमाळला उतरले. दुपारी एक भिंत पांढरी केली. रात्री मुक्काम. शनिवारी परत.

माझा मोठा भाऊ यवतमाळला पेंटर होता. दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या नंबरप्लेटा, भिंतीवरच्या बियाण्यांच्या जाहिराती. दोन महिन्यांपूर्वी तो गेला. मंगळवारी त्याच्या शेजारच्या खोलीतल्या उस्मानचाचांचा फोन आला. पेंटरांची गल्ली विकली गेली होती, रविवारी खोल्या रिकाम्या करायच्या होत्या आणि दादाच्या भिंतीचं काय करायचं ते मी येऊन ठरवायचं होतं.

जाताना एसटीत उजवीकडची खिडकी धरा, डावीकडे वर्ध्यापर्यंत ऊन तोंडावर येतं. कळंबला गाडी दहा मिनिटं थांबते. तिथला आलूबोंडा रस्सा घालून खावा, पण पांढरे कपडे घालून खाऊ नये. मी खाल्ला. पुढे दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला आणि घरांच्या भिंतींवर बियाण्यांच्या जाहिराती. 'भरघोस उत्पन्न' ही अक्षरं दादाची, लांबूनच ओळखू येतात. उत्पन्नाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. अक्षरं मात्र भरघोस आली होती.

गल्ली जुन्या टॉकीजच्या मागे आहे. सात खोल्या, सात पेंटर. कापसाचा पैसा हातात आला की दुकानदार दिवाळीला पाट्या बदलत. तीन हंगाम कोणी बदलली नाही, आणि ज्याने बदलली त्याने फ्लेक्स लावला. आता तिथे कॅफे होणार आहे. यवतमाळात कॅफे कोणाला हवा होता, हे मी चार जणांना विचारलं. कोणीच कबूल झालं नाही.

दादाची भिंत म्हणजे त्याच्या खोलीची बाहेरची बाजू. तिच्यावर त्याने लाल रंगात हातभर उंचीची अक्षरं काढून ठेवली होती: 'दुकान चालत नसेल तर पाटीला दोष देऊ नये.' खाली कोपऱ्यात सही. गिऱ्हाईक चिडून परत जायचं आणि आठवड्याने पाटी करायला टाकायला यायचं.

नवा मालक नागपूरचाच, तरुण, फार नम्र. त्याने मला खुर्ची दिली. म्हणाला, बाकी सगळं पाडणार, ही भिंत तेवढी ठेवणार, काचेमागे, दिवे लावून. दादाचं नावही राहील. दर रविवारी अक्षरांचे वर्ग घेणार, गल्लीतली ही पेंटर मंडळी शिकवायला येऊ शकतात.

"आमच्याच खोलीत आमी पाव्हने," चाचा म्हणाले. "थे बी फकस्त रविवारी."

मालक गेल्यावर त्यांनी मला गल्लीची रीत सांगितली. दुसऱ्याच्या अक्षरावर त्याला विचारल्याशिवाय रंग मारायचा नाही. तो हयात नसेल तर पहिला हात घरच्या माणसाने मारायचा, मग इतरांनी. म्हणून इतके दिवस भिंत तशीच होती. सहाही जणांना ती पुसायची होती.

"माणसं नको, अक्षरं पायजे त्याले," शेवटच्या खोलीतले वानखडेभाऊ म्हणाले. "पन तुमी नाई म्हनसान तर ब्रश कोनी उचलनार नाई."

दादाने मला पत्र कधी लिहिलं नाही. घरी त्याच्या हातचं काही नाही. ही भिंत गेली की कळंबच्या रस्त्यावरची भरघोस उत्पन्नं तेवढी उरणार होती. चाचांनी चहा मागवला, मी तो थंड होऊ दिला. कोणी घाई केली नाही.

शेवटी मी विचारलं, भिंत अशी काचेमागे ठेवली तर दादा काय म्हणाला असता?

"म्हनला असता, चाचा, काचीमागं मले कायले ठेवता, मी का बर्फी हाओ?"

मी ब्रश मागितला. पदर खोचला आणि सहीपासून सुरुवात केली, नाहीतर शेवटी हात थांबला असता. वानखडेभाऊ मागून सांगत होते, ताई, अंगण सारवून नाई राह्यले तुमी, एका दिशेनं ओढा.

मुक्काम चाचांच्या घरी. ज्वारीची भाकरी आणि तुरीच्या दाण्यांची झणझणीत आमटी. भिवापुरी मिरची झेपत नसेल तर आधीच सांगावं. मी सांगितलं नाही. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा कोणी काही विचारलं नाही, हे बरं झालं.

सकाळी बघते तर भिंतीवर सगळी अक्षरं गुलाबी होऊन वर आलेली. लाल रंग पांढऱ्याच्या एका हातात दबत नाही, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून.

"जाऊन नाई राह्यला," चाचा म्हणाले. मग सहा जण सहा ब्रश घेऊन आले, आणि माझी दहाची गाडी सुटेपर्यंत भिंत कोरी झाली.

याला दहा दिवस झाले. काल चाचांचा फोन आला. मालकाने आधीच भिंतीचा फोटो काढून ठेवला होता. त्याचा फ्लेक्स छापून त्याच भिंतीवर लावला आहे, सहीसकट.

"ताई, फ्लेक्स हाये थो," चाचा म्हणाले. "यवतमायच्या उनात दोन उन्हाये नाई टिकत."

फोन ठेवल्यावर मी हसले. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि घरात कोणी नव्हतं तेही बरंच. मग वाटीत थोडं रॉकेल घेतलं आणि मोरीपाशी बसून नखांत अजून राहिलेला पांढरा रंग काढला.