काऊबॉयपटातल्या पाद्र्याचा आवाज

एका काऊबॉयपटातल्या पाद्र्याला मी मराठीत चक्क सत्यनारायण सांगायला लावला. परवा मढच्या चर्चवरून जाताना मेणबत्त्यांचा वास आला आणि ते आठवलं. अंधेरीतला डबिंग स्टुडिओ, कानाला हेडफोन, पडद्यावर माळरानात खणलेली कबर आणि टोप्या काढून उभे असलेले बंदूकवाले. तोवर मी फक्त गर्दीतला आरडाओरडा केला होता, हा पाद्री म्हणजे माझी पहिली खरी भूमिका, आणि दिग्दर्शकाने बजावलं होतं, “जेवणाच्या सुट्टीपर्यंत जमव, नाहीतर दुसऱ्याला बोलावतो.” पाद्री मराठीत कसा बोलतो, मला काय ठाऊक? मी आपला आमच्या गुरुजींचा सूर लावला, अगदी नाकातून. काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टने, मरोळच्या ख्रिस्ती मुलीने, मशीन थांबवलं. “अरे, माणूस पुरतोयस की प्रसाद वाटतोयस?” मी विचारलं, “तुमच्यात मराठीत प्रार्थना करतात?” “मग काय! माझ्या बाबांना मराठीतच निरोप दिला आम्ही.” ती आत आली आणि समोर कुणी झोपलंय अशा हलक्या आवाजात म्हणाली, “देवा, हा दमून आलाय. याला तुझ्याजवळ जागा दे.” मी तिच्यासारखंच म्हटलं आणि दिग्दर्शकाने मान डोलावली. त्या आवाजाचं कुणी कौतुक केलं, की आजही मी ते निर्लज्जपणे खिशात घालतो. तिला मात्र तेव्हाच ऐटीत विचारलं होतं, “कसा वाटला पाद्री?” “ठीक,” ती म्हणाली, “पण आमच्याकडे कुणी गेलं, तर फुलं ठेव आणि गप्प मागे उभा राहा.”