स्टो पेटवायचं जिवावर यायचं तेव्हा

स्वयंपाक चांगला झाला, तर त्याचा किस्सा होत नाही. लोक जेवतात, हात धुतात आणि विसरून जातात. किस्सा होतो तो अंगात त्राण नसताना, डोकं चालत नसताना, हाताला लागेल ते पातेल्यात टाकून उरकलेल्या जेवणाचा. असे किस्से माझ्याकडे इतके साठलेत, की एक सांगायला घेतला की दुसरा न बोलावता पाट मांडून बसतो!

नव्वदच्या दशकात इंदापुरात मार्केट यार्डाच्या मागं एका खोलीत आम्ही तिघं राहायचो. मी बारामतीचा, शाळेत विज्ञान शिकवायचो. जोशीही बारामतीचाच, बँकेत कारकून. तिसरा दत्तू, निरवांगीचा. त्याच्या आजोबांनी मेंढरं राखली, वडील शेती करायचे आणि दत्तू कालव्याच्या पाणीवाटपावर नोकरीला होता. तिघंही बिनलग्नाचे, आणि संध्याकाळी तिघंही चोथा होऊन परत यायचो. भाकरी घरमालकीण काकू भाजून द्यायच्या. बाकीचं पाळीनं, आमचं आम्ही.

नियम एकच होता. काकूंच्या टीव्हीवर संध्याकाळच्या बातम्या लागल्या की स्टो पेटवायचा आणि हवामान सांगेपर्यंत ताटं वाढायची. त्याहून जास्त वेळ स्टोपुढं बसायची कुणाच्यात ताकदच नव्हती.

हे गणित कधी चुकलं नाही. फक्त एकदा दिल्लीतलं सरकार पडलं आणि बातम्या लांबतच गेल्या. जोशी खिचडी टाकून हवामानाची वाट बघत पडून राहिला. खोलीत धूर झाला तेव्हा उठला.

काकू धावत आल्या. ‘‘काय झालं ओ?’’

जोशी काळं पातेलं पुढं धरून म्हणाला, ‘‘सरकार पडलं काकू, आणि खिचडी लागली. सरकार पुन्हा येईल हो!’’

*

जोशीच्या आईनं त्याला मेतकुटाची बरणी दिली होती. त्यामुळं त्याच्या पाळीला ठरलेला बेत, मऊ भात, मेतकूट, वर तूप. पहिल्यांदा आम्ही कौतुकानं खाल्ला. नंतर सवयीनं खाल्ला. मग एकदा दत्तूनं ताटाकडं बघून विचारलं, ‘‘जोशीबुवा, आज कोन आजारी हाय?’’

‘‘कुणी नाही. का रे?’’

‘‘आमच्यात ह्यो भात तापातल्या मान्साला देत्यात.’’

जोशीला राग आला. पचायला हलकं, करायला सोपं, यापेक्षा माणसाला आणखी काय लागतं, यावर त्यानं आमचं बौद्धिक घेतलं. ते चालू असतानाच दारात काकू उभ्या. हातात वाफाळता पेला.

‘‘काढा आनलाय. रोज खिडकीतून बघतीया, मऊ भातच चाललाय. तिघातलं नक्की कोन पडलंय, तेवढं सांगा!’’

काढा तिघांनाही प्यावा लागला.

*

माझं नाव मात्र पिठल्यावरून खराब झालं. कांदा परतायचा, पाणी ओतायचं, बेसन सोडायचं. यात चुकण्यासारखं काही नाही, असं मी विज्ञानाचा शिक्षक या नात्यानं आधीच जाहीर केलं होतं. पाण्याचा अंदाज गेला. बेसन संपलं. ढवळून ढवळून हात दुखला, पण पिठलं काही घट्ट होईना.

तसंच वाढलं. दत्तूनं भाताचा ढीग ताटाच्या कडेला सरकवला, नीट बांध घातला आणि त्यामागं पिठलं अडवलं. बांध फुटला. पिठलं ताटावरून चटईवर, चटईवरून जोशीच्या पायजम्यापर्यंत गेलं.

‘‘सर,’’ दत्तू शांतपणे म्हणाला, ‘‘ह्याला पिठलं म्हनत न्हाईत. ह्ये कालव्याचं आवर्तन हाय आवर्तन! आन पहिल्यांदाच बघतोय, शेवटच्या शेतकऱ्यापत्तुर पानी पोचलं!’’

*

दत्तूची आई येसर पाठवायची. भाजलेली धान्यं आणि मसाला दळून ठेवायचा, दमून आलं की पाणी उकळायचं, त्यात दोन चमचे येसर सोडायचा, झाली आमटी. आमच्यासारख्यांवर त्या माऊलीचे उपकार आहेत, ते मी आजही मानतो. डबा यायचा वडापच्या, म्हणजे गावोगावची माणसं कोंबून नेणाऱ्या जीपनं. जीपवाला निरवांगीत घ्यायचा आणि इंदापुरात स्टँडबाहेर आमच्या हातात द्यायचा.

डबा दर खेपेला हलका होऊन यायला लागला. दत्तूनं आईला विचारलं, ती म्हणाली, ‘‘गच्च भरून दिलाय की रं, बोट शिरत न्हाय इतका!’’

शेवटी दत्तूनं जीपवाल्याला गाठलं. तो जराही ओशाळला नाही. म्हणाला, ‘‘मी काय सांगतो, आईस्नी म्हनावं, पुढच्या खेपंला डबा मोठा द्या.’’

‘‘का?’’

‘‘एका डब्यात आपल्या दोन्ही घराचं भागंना झालंय!’’

*

आमच्या शाळेचे हेडमास्तर एकदा अचानक खोलीवर आले. घरात फक्त कालच्या भाकरी. जोशीनं त्या कुस्करल्या, कांदा, मिरची, शेंगदाणे घालून फोडणी दिली, वरून लिंबू पिळलं. हेडमास्तर बोटं चाटत जेवले. ‘‘वा! काय बेत आहे! आणि किती झटपट!’’

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सौभाग्यवती शाळेत माझ्यासमोर उभ्या. ‘‘काय खाऊ घातलंत हो तुम्ही यांना?’’

मी घाबरलो. ‘‘का? पोट बिघडलं का?’’

‘‘पोट उत्तम आहे! सकाळी गरम भाकरी वाढली, तर ताट बाजूला सारलं. म्हणाले, ही नको, ती कुस्करलेली कर. आता चुलीवरची ताजी भाकरी दहा मिनिटांत शिळी कशी करायची, तेवढं सांगा म्हणजे झालं!’’

*

आणि मग दत्तूची सोयरीक.

कळंबची सुमन त्यानं बघितली आणि तो कामातून गेला. आमटीत मीठ दोनदा पडायला लागलं, आणि कधी पडेचना. तिकडून तिचाही होकार होता. गाडं अडलं ते तिच्या वडिलांवर. आबा म्हणायचे, ‘‘पोरगं ग्वाड हाय. पर खोली करून ऱ्हातंय. माझ्या लेकीचं तितं कसं हुयाचं? मी डोळ्यानं बघनार, मग बोलनार.’’ कधी येणार, ते मात्र सांगितलं नव्हतं. हे जमलं नाही तर दत्तू पार मोडून पडेल, याची मला आणि जोशीला खरोखर धास्ती होती.

दत्तूच्या समाजात एक रीत आहे. सुपारी फोडून लग्न पक्कं व्हायच्या आधी मुलीकडच्यांनी मुलाकडं जेवायचं नाही. चहा घ्यावा, पाणी प्यावं. पण भाकरी मोडली, की सोयरीक झाली. मग माघार नाही.

एका संध्याकाळी दारात आबा आणि सोबत त्यांचे मेव्हणे बापू. दिवसभर कसल्याशा दाखल्यासाठी तहसील कचेरीत उभे राहून आलेले, पोटात कावळे ओरडत असणार. दत्तू नुकताच कालव्यावरून आलेला, बनियनवर, स्टोपुढं. शेंगदाण्याच्या कुटाची आमटी रटरटत होती. लसणाचा वास खोलीभर.

चहाला दूध नव्हतं. जोशी दूध आणायला पळाला. आबा चटईवर टेकले. माझी नि जोशीची ताटं मी आधीच मांडून बसलो होतो, ती उचलायचंही मला सुचलं नाही. त्यातलं एक नेमकं आबांच्या पुढ्यात आलं. भाकरी त्यात होतीच, आणि दत्तूनं गडबडीत सवयीनं दोन्ही ताटांत आमटी वाढली.

आबांनी विचारलं, ‘‘रांधतं कोन हितं?’’

‘‘ज्याची पाळी आसंल त्यो.’’

‘‘आन लगीन झाल्याव?’’

मी डोळ्यांनी दत्तूला खुणावत होतो, बाबा रे, नीट बोल! पण हा गडी सरळ. म्हणाला, ‘‘तवाबी पाळीच, आबा. ती दमली तर मी करीन, मी दमलो तर ती करंल. दोगंबी दमलो, तर ह्ये आसंच काईतरी.’’

बापूंचं तोंड उघडं राहिलं. त्यांच्या घरात आजवर पुरुषानं पळीला हात लावला नव्हता. मला वाटलं, संपलं सगळं.

पण आबांनी विषयच बदलला. त्यांच्या शेताला पाणी वेळेवर का येत नाही, ते विचारायला लागले. दत्तू सांगायला लागला. कालव्याची कुठली चारी गाळानं भरलीय, कुठं पाणी सोडायचं दार गळतंय. आबा मान डोलवत ऐकत होते, ऐकता ऐकता हात पुढं गेला, भाकरी मोडली, आमटीत कुस्करली, एक घास, दुसरा घास...

‘‘आबा!’’ बापू ओरडलेच. ‘‘आवो आबा!’’

‘‘काय रं?’’

‘‘जेवताय की तुमी!’’

आबांचा हात ताटातच थांबला. त्यांनी ताटाकडं बघितलं, मग बापूंकडं बघितलं. दत्तूच्या हातातली पळी तशीच वर राहिलेली. दूध घेऊन आलेला जोशी दारातच थबकला.

आबांनी मिशीवर लागलेली आमटी पालथ्या हातानं पुसली.

‘‘सुपारी हाय का रं कुनापाशी?’’

कुणापाशीच नव्हती. बापूंनीही घाबरून खिसे चाचपले.

‘‘न्हाय?’’ आबा म्हणाले. ‘‘मग कांदा आना. फोडा हितंच!’’